सव्वासहाचा गुणाकार

गेल्या श्रावणात माझ्या धाकट्या जावेच्या गायीनं खाणं सोडलं, आणि त्याच्या मुळाशी होता एक गुणाकार. सव्वासहाचा. डॉक्टरनं तिचं तोंड उघडून पाहिलं, पोट चाचपलं, ताप बघितला. गुणाकार त्याला कुठून दिसणार? तो मला दिसला, कारण तरुणपणी तो मला झालेला होता.

आधी आजार सांगते. पेंडीत, पिठात, डाळीत प्रथिनं किती आहेत हे सरळ मोजणं फार जिकिरीचं काम. त्यापेक्षा त्यातलं नत्र, म्हणजे नायट्रोजन, मोजणं सोपं. नमुना तेजाबात उकळायचा, काळाकुट्ट रस्सा निवळून पाण्यासारखा होईस्तोवर. मग कॉस्टिक सोडा घालून त्यातला अमोनिया उडवायचा, पलीकडं आम्लात धरायचा आणि ब्युरेटची मापनळी लावून किती आला ते बघायचं. शंभर भाग प्रथिनांत साधारण सोळा भाग नत्र असतं, म्हणून जो आकडा येईल त्याला सव्वासहानं गुणलं की झाली प्रथिनं. लग्नाच्या मांडवाबाहेरच्या चपला मोजून आत वऱ्हाड किती हे सांगावं, त्यातलाच प्रकार. बऱ्यापैकी जमतो. कुणी बाहेरून चपलांचं पोतं आणून ओतलं नाही तोवर.

आता ती तरुणपणची मी. बिलोलीकडची पोर, नांदेडच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर म्हणून नुकती लागलेली. खळ घातलेला पांढरा कोट, इतका कडक की मी बसले तरी तो उभाच. केसांचा अंबाडा असा घट्ट, की भुवया वर ओढल्या जायच्या आणि चेहरा कायम दुसऱ्याची चूक सापडल्यासारखा दिसायचा. सुट्टीत घरी गेले की आईच्या फोडणीला मी ऑक्सिडेशन म्हणायची. आई म्हणायची, म्हण बाई काय म्हणायचं ते, पण आधी परसातून कढीपत्ता आण.

आमचे विभागप्रमुख सर दिसायला गरीब, आतून पक्के खट. एके दिवशी त्यांनी माझ्यासमोर बिनलेबलाची बाटली ठेवली. आत पांढरे शुभ्र बारीक दाणे. म्हणाले, यातली प्रथिनं काढा. दुसरं काही बोलले नाहीत. मी नमुना तोलला, उकळला, उडवला, मोजला, गुणला. वास घेतला नाही, चिमटीत धरून पाहिला नाही. शेतकऱ्याची पोर मी. त्या दाण्यांची पोती लहानपणापासून आमच्या पडवीत रचलेली पाहिली होती, त्याच पोत्याची शिवलेली पिशवी घेऊन शाळेत गेले होते. पण कोट अंगात घातला की माहितीतलं सगळं विसरायचं असतं, अशी माझी तेव्हा समजूत होती. सुवाच्य अक्षरात, दशांशासकट रिपोर्ट लिहिला आणि सरांच्या टेबलावर ठेवला. प्रथिने दोनशे सत्त्याऐंशी टक्के.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बाई, शंभर ग्रॅम दाण्यांत दोनशे सत्त्याऐंशी ग्रॅम प्रथिनं बसवायची कशी?"

आणि ही महामाया, हा कडक कोट, काय बोलली असेल? "सर, ब्युरेट खोटं बोलत नाही."

सर म्हणाले, हा युरिया आहे, स्टोअरमधून आणवला. प्रथिनं शून्य. बाकी तुमचं मोजमाप अगदी बरोबर आहे, शाबास. ते शाबास जास्त झोंबलं. नंतर पुष्कळ काळ स्टाफरूममध्ये माझ्या पाठीमागं मला 'दोनशे सत्त्याऐंशी' म्हणत. मी आले की कुणीतरी शिपायाला म्हणायचं, चहा आण, शक्तिवर्धक आण. त्या बयेला तरीही वाटत राहिलं की लोक हेव्यानं बोलतात. इतकं जाड कातडं मी पुढं फक्त म्हशीचं पाहिलं.

असो. आता मी लातूरला मुलाकडं असते. आमच्या गल्लीत घरागणिक क्लासची पोरं भाड्यानं राहतात आणि मिश्रणात नत्र इतकं तर अमुक पदार्थ किती, ही गणितं चालता चालता सोडवतात. चार पर्यायांतले तीन कसे बाद करायचे, एवढं त्यांना शिकवलेलं असतं. मी एकाला विचारलं, बाळा, नत्र मोजतात कसं रे? तो म्हणाला, आजी, ते सिलॅबसला नाही. म्हटलं, बरोबर आहे, आमच्या वेळी सिलॅबसला होतं आणि तरी आम्ही गाढवंच निघालो.

जावेचं गाव, म्हणजे माझं सासर, देवणीच्या पलीकडं, कर्नाटकाच्या अंगाला. श्रावणातल्या एका सकाळी तिचा फोन आला. अक्का, गाय तोंड लावीना. लाळ गळून राहिली, मागच्या पायात थरथरून राहिली. आवाज असा, की दुसरं काही विचारायचं मला सुधरलं नाही. तिच्या दावणीला आता ती एकच गाय. देवणी जातीची, त्यातली शेवरी, पांढऱ्या अंगावर शाईचे थेंब सांडल्यासारखे काळे ठिपके. जावेच्या माहेरून तिच्याबरोबर आलेल्या गायीच्या नातीची ती नात, आणि सहा-सात महिन्यांची गाभण. बाकीची जनावरं एकेक करून गेली. हिला तेवढा तिनं कुणाला हात लावू दिला नव्हता. मी एस.टी. धरली.

गोठ्यात शिरले तर गायीच्या आधी मला कागद दिसला. लॅमिनेट केलेला, खांबाला ठोकलेला, वर हळदीकुंकवाची बोटं, खाली उदबत्तीची राख. हे माझ्या पुतण्याचं काम. पुतण्या चाळिशीला आलेला. आधी शेततळ्यात मासे सोडले, मग शेवगा लावला, मग थंड पाण्याचे जार विकले. त्याच्या प्रत्येक धंद्यात माल येण्याआधी त्याचं कार्ड छापून येतं. यंदा त्यानं कुठल्याशा कंपनीच्या पेंडीची एजन्सी घेतली होती आणि गोठ्यालगतची खोली पोत्यांनी छताला लावली होती. गावातल्या बायांच्या गायी-म्हशींना हीच पेंड घालायची, असा त्याचा बेत. आणि गावाला दाखवायला नमुन्याची गाय म्हणजे आईची. कागदावर मोठ्या अक्षरात, प्रथिने साडेसदतीस टक्के.

जाऊ त्या कागदाकडं अशी बघायची, जसं पोराचं प्रगतिपुस्तक पहिल्यांदाच बरं आलंय. गाय पेंड हुंगून तोंड फिरवायची, तर ही पेंडीच्या आंबोणात गूळ कालवायची आणि तिला पुढ्यात बसून चारायची. डॉक्टर येऊन सांगून गेले होते की नवीन खाद्य बंद ठेवा. बंद केलं की गाय जरा सावरायची. सावरली की पुतण्या म्हणायचा, बाळंतपण जवळ आलंय, ताकद पायजे, आणि पुन्हा घमेलं भरायचं. असं दोनदा झालेलं. यावेळी ती उभ्याउभ्या डुलत होती.

मी पोत्यात हात घातला. मूठभर पेंड पाण्यात कालवली. वास सरकीचा, रंग बरा, पण बोटांना पाणी गार लागलं. थोडं गार. युरिया विरघळताना पाणी गार पडतं, हे मी वर्षानुवर्षं पोरांना सांगत आले होते, आणि बोटांनी पहिल्यांदा त्या दिवशी वाचलं.

जावेला म्हटलं, घरात सोयाबीन असेल, कच्चं दळून दे. लातूर जिल्ह्यात कुणाच्या घरात सोयाबीन नाही? कच्च्या सोयाबीनच्या पिठात एक गुण आहे. ते युरियाला फोडून त्यातला अमोनिया मोकळा करतं. पेंड, पीठ आणि कोमट पाणी डब्यात घातलं, तोंडाला हळदीत भिजवलेली पांढरी चिंधी बांधली, आणि डबा चुलीच्या उबेला ठेवला. दुसऱ्या डब्यात तसंच सगळं, फक्त पेंड जावेची जुनी, करडीची, घाण्यावरून आणलेली. चहा होईस्तोवर पहिल्या डब्यावरची चिंधी लालसर तपकिरी झाली. दुसरी पिवळीच्या पिवळी. डबा उघडला तर नाकात अमोनियाचा तो ओळखीचा झणका आला. तरुणपणच्या त्या बाटलीनं सासरी येऊन गाठलं म्हणायचं.

पुतण्या दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, "मोठी माय, पेंडीचं हळदीकुंकू केलंस व्हय? वाण काय देणार?"

म्हटलं, वाण तूच देऊन राहिलायस, पोत्यानं. यात युरिया आहे.

तो हसला. म्हणाला, चिंधी लाल झाली म्हणून धंदा बंद करू? चिंधीला काय कळतं? आकडा सांग. "लॅबचा कागद हाय. रिपोर्ट खोटं बोलत न्हाई."

मी दचकलेच. वाक्य माझं, सूर माझा, वर ओढलेल्या भुवयासुद्धा माझ्या; नुसत्या मिशा जास्तीच्या. जाऊ माझ्याकडं बघेना. तिला तिच्या लेकाचा धंदा एकदाचा लागलेला बघायचा होता, आणि गायही हवी होती, आणि त्या दोन्हीत एकच घमेलं होतं. तिनं एवढंच विचारलं की नक्की कळायला किती दिवस लागतील. मी म्हटलं, तोवर तिला पेंड घालू नको. ती म्हणाली, बरं. पण त्या बरंमध्ये दम नव्हता. लेकानं हट्ट धरला असता तर संध्याकाळी गूळ फुटला असता.

दोन पुड्या बांधल्या, एक पोत्यातली, एक करडीची, आणि नांदेड गाठलं. माझ्या कॉलेजात आता विभागप्रमुख आहे ती माझीच विद्यार्थिनी. हिनं माझ्या देखत दोन ब्युरेट फोडल्या होत्या, आणि मी तिच्यावर असा आवाज चढवला होता, जसं काही माझ्या रिपोर्टांनी विद्यापीठ तरलंय. तिनं ते मनात ठेवलेलं दिसलं नाही. खुर्ची दिली, पंखा लावला, म्हणाली, मॅडम, आता मशीन आहे, तुम्ही बसा, आकडा येतो. मी म्हटलं, एक आकडा नको, दोन पाहिजेत. नमुना आहे तसा एकदा मोज. मग तोच नमुना कोमट पाण्यानं गाळणीच्या कागदावर चांगला धू, वाळव, आणि पुन्हा मोज. करडीच्या पुडीचंही तसंच.

तिच्या लगेच लक्षात आलं. नत्र कुठलंही असो, मोजणाऱ्याला सारखंच दिसतं. पण युरिया साखरेसारखा विरघळून पाण्यात जातो. पेंडीतली प्रथिनं बहुतेक कागदावर राहतात. तर धुण्याआधी आणि धुतल्यानंतर यांतली तफावत म्हणजे चपलांचं पोतं. प्रथिनांचं नत्र आणि युरियाचं नत्र, एका आकड्यात हे दोन चोर कधी सापडत नाहीत. दोन चोरांना दोन आकडे लागतात. एवढी साधी गोष्ट. एका बाटलीवर मला दिवसभर सुचली नव्हती, कारण मी तेव्हा विदुषी होते.

करडीच्या पेंडीचं नत्र धुऊन जेमतेम हललं. पोत्यातल्या पेंडीचं धुण्याआधी शंभरात सहा भाग, धुतल्यावर पावणेचार. सव्वादोन भाग मोरीतून वाहून गेलं. युरियात शंभरात शेहेचाळीस भाग नत्र असतं. हिशोब केला तर शंभर किलो पेंडीत युरिया पाच किलोच्या जवळ. माझी विद्यार्थिनी म्हणाली, मॅडम, तुम्ही बघूनच ओळखलंत. मी म्हटलं, अगं, मी युरियाला प्रथिनं म्हणणारी बाई आहे, मला ओळखायला काय लागतं? तिला वाटलं मी विनयानं बोलतेय. नव्या माणसांना माझा इतिहास कुणी सांगत नाही, हा निवृत्तीचा एक फायदा.

जावेच्या गावी परत गेले. ओसरीवर पुतण्या, जाऊ, आणि पितळेच्या ताटलीत शेंगदाणे. मी म्हटलं, नत्र सहा.

पुतण्यानं मोबाईल काढला, सहा गुणिले सव्वासहा केलं आणि मांडीवर थाप मारली. साडेसदतीस. बरोब्बर साडेसदतीस. मग रिपोर्ट खराच हाय की, मोठी माय. तू बी तेच काढून आणलंस. एवढं नांदेडला जाऊन कंपनीचा कागद खरा करून आलीस.

आणि जावेचा चेहरा उजळला. खरंच उजळला. ती चहा टाकायला उठली. मी धुण्याचं सांगितलं, पावणेचारचं सांगितलं, तफावत सांगितली. तो म्हणाला, धुतल्यावर कुणाचं बी कमीच होतंय. गुळाची भेली धुऊन बघ, काय राहतंय? आणि गंमत बघा, बोलणं वाईट नव्हतं. या वयात मी वर्गात असते तर त्याला बरे गुण दिले असते. जाऊ पातेल्यात पाणी ओतता ओतता मान डोलावत होती, आणि गोठ्यात ते घमेलं भरून ठेवलेलं मला ओसरीवरून दिसत होतं. गूळही वर ठेवलेला होता.

मग मी भांडणं सोडून दिलं. भांडून माझं काय झालं होतं सरांसमोर? मी उठले, त्यांच्याच पडवीत गेले. तिथं खताचं पोतं फोडलेलं होतं, रब्बीसाठी आणलेलं. त्यातून दोन ओंजळी युरिया घेतला, दुसऱ्या घमेल्यात टाकला आणि तो आणून पेंडीच्या घमेल्याशेजारी, गायीच्या पुढ्यातच पण तिचं तोंड पोचणार नाही इतकं लांब ठेवला.

पुतण्याला म्हटलं, बाळा, मोबाईल काढलाच आहेस तर आणखी एक गुणाकार कर. याच्यात नत्र शेहेचाळीस. पोत्यावर छापलंय, बघून ये. गुण सव्वासहानं.

त्यानं केलं. करून स्क्रीनकडं बघत राहिला.

"मोठ्यानं सांग. आईला ऐकू दे."

"दोनशे सत्त्याऐंशी." जरा थांबून, "पॉइंट पाच."

"तुझ्या पेंडीपेक्षा साडेसात पटीनं जास्त ताकद. मग घाल की हे घमेलं. पोती विकायची कटकट कशाला? खताच्या दुकानातूनच गाव पोस."

पुतण्यानं मोबाईल खिशात घातला. बोलली जाऊ. त्या गावात युरिया कालवलेलं बादलीतलं पाणी पिऊन फुगून मेलेलं जनावर एकेका घरानं पाहिलेलं आहे. ते तिला सांगायला मी लागत नव्हते. ती चुलीपाशीच उभी होती, हातात साखरेचा डबा.

"म्हंजे," ती म्हणाली, "मी तिला खत चारून राहिले? गूळ लावून?"

ती आमच्यातल्या कुणाला विचारत नव्हती. तिनं डबा खाली ठेवला, गोठ्यात गेली, पेंडीचं घमेलं उचललं आणि उकिरड्यावर नेऊन पालथं केलं. गुळासकट. मग खांबावरचा कागद काढायला लागली. खिळा निघेना, तर कागदच ओढून फाडला. लॅमिनेट केलेला कागद फाटताना कसला करकरतो. पुतण्या म्हणाला, आये, खोलीभर माल पडलाय. ती म्हणाली, पडू दे. तुझ्या मालाआधी माझी गाय हाय. आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्याला नाही म्हटलं असावं, कारण तो खरोखर उंबऱ्यात बसला.

पुढं कंपनीचा फोन लागेना. ज्यानं एजन्सी दिली तो माणूस कुठल्या गावचा हे पुतण्याला सांगता येईना. कार्ड होतं, अर्थात. गायीला करडीची पेंड आणि हिरवा चारा सुरू झाला. डॉक्टर येऊन जात राहिले. लाळ थांबली, मग थरथर थांबली, मग एक दिवस फोनवर मला घंटेचा आवाज ऐकू आला आणि जाऊ म्हणाली, कडबा ओढून राहिली बघ, ऐक. दिवाळीच्या तोंडाला व्यायली. कालवड. ठिपके आईपेक्षा कमी, पण कान तसेच लांब लोंबते. जावेनं मला पहिल्या चिकाचा खरवस लातूरला पाठवला. मी पोराला-सुनेला दिला नाही, एकटीनं खाल्ला.

पोत्यांचं काय करायचं, हा वाद महिनाभर चालला. विकू मी देणार नव्हते, परत कुणी घेत नव्हतं. शेवटी ज्वारी पेरताना जावेनंच सगळी पोती रानात ओढायला लावली आणि कुळवाच्या पाळीबरोबर मातीत घातली. अर्धं सरकीचं टरफल आणि वर युरिया. जमिनीला काय, तिला दोन्ही चालतं. ज्वारी अशी काळीशार उठली, की बांधावरून जाणारे थांबून विचारायला लागले. आणि माझा पुतण्या त्यांना काय सांगत होता? की ही माझी स्वतःची पद्धत आहे, पेंडखत. ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना. हा माझ्या नात्यातला आहे यात शंकाच नाही. आमच्याकडं चुकीवर कोट चढवायला वेळ लागत नाही.

फाल्गुनात गेले होते. कडब्याची गंज लागली होती. गाय आणि कालवड दोघी तोच कडबा खात होत्या, त्या पोत्यांवर वाढलेला. जाऊ माझ्याशेजारी उभी राहिली आणि म्हणाली, अक्का, शेवटी खाल्लंच की तिनं ते.

म्हटलं, खाऊ दे. आता ते ज्वारीतून, प्रथिनं होऊन आलंय. आता खुशाल सव्वासहानं गुण.